घरबसल्या कुमिते : ओवेकर नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

हे मार्गदर्शन ओवे गाव, ओवे कॅम्प आणि त्यांना चारही बाजूंनी वेढून बसलेल्या खारघरच्या सेक्टरांतल्या रहिवाशांसाठी आहे. महिलांची कराटे लढत, म्हणजे कुमिते, ज्यांनी आजवर फक्त चॅनेल बदलता बदलता, चुकून, चार सेकंद पाहिली आहे, असे सगळे यात आले. पूर्वज्ञानाची अट नाही. कोणाकडे असलंच तर ते बहुधा ब्रूस लीच्या सिनेमांतलं असतं, आणि ब्रूस लीचा कराटेशी संबंध एवढाच की आपल्याकडे ज्याला त्याला कराटेच म्हणतात. ते ज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर ठेवावं.

प्रसंगही चालून आला आहे. २०२६ ची आशियाई क्रीडा स्पर्धा जपानात, आइची-नागोयाला, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर अशी आहे. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला. म्हणजे स्पर्धेचा पहिला आठवडा घरात गणपती आणि पाहुणे, आणि पुढचा पितृपक्ष. पहिल्या आठवड्यात प्रेक्षक भरपूर मिळतील, दुसऱ्यात वेळ. फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवा. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिथे सकाळी नऊला पंच 'हजिमे' म्हणाले, म्हणजे सुरू करा, की आपल्याकडे साडेपाच झालेले असतात. ज्या इमारतींत पाणी त्याच सुमाराला येतं त्यांनी घरातला एक माणूस मोटरपाशी नेमावा आणि त्याला गुण ओरडून सांगावेत.

साहित्य

एक टीव्ही. लाल आणि निळ्या ओढण्या, प्रत्येकी चार. एक पाट. बस्स.

ओढण्या कशाला, तर पंचगिरीसाठी. मॅटवर एक मुख्य पंच आणि चार कोपऱ्यांत चार पंच, त्यांच्या एका हातात लाल झेंडा, एका हातात निळा, अशी रचना टोकियो ऑलिंपिकमध्ये होती. एका खेळाडूला लाल पट्टा, दुसरीला निळा. चारांपैकी निदान दोघांनी एकाच रंगाचा झेंडा वर केला की गुण. घरातल्या चौघांना हॉलच्या चार कोपऱ्यांत बसवा, ओढण्या द्या, आणि टीव्हीवरचे झेंडे वर जाण्याआधी आपापला निर्णय द्यायला सांगा. आपल्या घरांत चौघांचं एकमत होत नाही हे जगजाहीर आहे. पण इथे चारांत दोघांचं झालं तरी पुरतं, आणि ही पद्धत कराटेपुरती ठेवायची की गणपतीच्या वर्गणीलाही लावायची हे ज्याने त्याने ठरवावं. पाट आजीसाठी. पंचांच्याही वर एक देखरेख करणारा बसलेला असतो, तो खेळाकडे कमी आणि नियमांकडे जास्त पाहतो. हे पद आजीला द्यावं लागत नाही, ते तिच्याकडे असतंच.

खेळाडूंच्या पट्ट्यात काळा रंग शोधू नका. त्या सगळ्या काळ्या पट्ट्याच्याच असतात. लढतीपुरता लाल किंवा निळा. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये दर काही महिन्यांनी परीक्षा-फी भरून पिवळा, मग नारिंगी, मग हिरवा पट्टा घरी आणणाऱ्या नातवाला हे समजावताना जरा जपून.

मॅटचा आकार आठ मीटर बाय आठ मीटर, भोवती सुरक्षिततेची जागा वेगळी. ६४ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ६९० चौरस फूट. आपल्या सेक्टरांतल्या कितीतरी वन बीएचकेंहून ऐसपैस, आणि मधे खांब नाही. दोन मुली एवढ्या जागेत तीन मिनिटं एकट्या. त्या बाहेर का येतील, असा प्रश्न पडू शकतो. पण बाहेर आलं की ताकीद मिळते. हा नियम रायगड जिल्ह्यात कोणालाही शिकवावा लागत नाही. कबड्डीची रेषा पाहत मोठा झालेला माणूस पाय बाहेर पडलेला पंचाआधी पाहतो.

गुण कसे मोजावेत

ठोसा लागला, एक. लाथ छातीला, पोटाला, पाठीला लागली, दोन. लाथ डोक्यापर्यंत गेली, तीन. प्रतिस्पर्धी खाली पडली असताना तिच्यावर अचूक वार केला, तरी तीन. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. बरोबरी झाली तर जिने पहिला गुण एकटीने मिळवला ती जिंकते. तोही कोणी मिळवलेला नसेल तर पंच झेंडे वर करून मोकळे होतात.

एवढं पाठ झालं की तुम्ही पाहायला बसाल आणि पहिल्याच मिनिटात फसाल, कारण ठोसा धाडकन लागलेला दिसेल आणि गुण मिळणार नाही. मग दुसरीकडून नुसता वारा घातल्यासारखा हात जाईल आणि झेंडे वर जातील. इथे चॅनेल बदलू नका. कराटेच्या या स्पर्धेत वार लागला की नाही एवढंच पाहत नाहीत. तो नेटका होता का, जोरकस होता का, योग्य क्षणी आणि योग्य अंतरावरून होता का, वृत्ती खिलाडू होती का, आणि वार करून झाल्यावरही मुलगी सावध होती का, हे सगळं पाहतात. मारून झाल्यावर पाठ फिरवून हात उंचावले तर मिळत आलेला गुण जाऊ शकतो. आनंद नंतर. चेहऱ्यावर तर वार पोहोचला पाहिजे, पण जेमतेम स्पर्श झाला पाहिजे. जोरात लागला तर शिक्षा मारणारीला.

गावातल्या जुन्या घरांत आजी असतील तर त्या या टप्प्यावर विचारतील, "आगो बाय, मारलीस त मारलीस, थांबलीस कनाला?"

प्रश्न बिनतोड आहे आणि उत्तर द्यायला एक गोष्ट सांगावी लागते. टोकियो, निप्पॉन बुदोकान, ७ ऑगस्ट २०२१. ही इमारत १९६४ च्या ऑलिंपिकला ज्युदोसाठी बांधलेली, आणि १९७० ला कराटेची पहिली जागतिक स्पर्धाही इथेच झालेली. पुरुषांच्या सर्वांत जड गटाची अंतिम लढत. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे आहे. तो इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर अशी लाथ मारतो की गंजजादेह बेशुद्ध. स्ट्रेचर येतं. पंच एकमेकांशी बोलतात आणि हमेदीला बाद करतात, अनावश्यक जोर लावला म्हणून. ज्याला उचलून नेलं त्याला सुवर्ण, जो उभा होता त्याला रौप्य. आजीला एवढं सांगा. ती म्हणेल, मग यापेक्षा पडलेलंच बरं. तर नाही. लागल्याचं नाटक केलं, साधा ओरखडा असताना कळवळून दाखवलं, तर त्यालाही शिक्षा आहे, आणि काहीच लागलेलं नसताना केलं तर फारच मोठी. बेशुद्ध पडायचं तर मनापासून पडावं लागतं.

पोशाख, आणि काय काढून ठेवावं

पांढरा कराटे-गी, आत मुलींना पांढरा टी-शर्ट, छातीला कवच, हातमोजे, नडगी आणि पाऊल झाकणारी पॅडं, तोंडात दातांचं रबरी कवच. चष्मा चालत नाही. मऊ लेन्स चालतात, पण आपल्या जबाबदारीवर. नखं कापलेली. केसांत धातूची पिन नाही. अंगठी, नथ, पैंजण, बांगड्या, काही नाही. भित्र्या पुरुषाला बांगड्या भरायला सांगण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. या खेळात लढायला निघालेली बाई त्या आधी काढून ठेवते, आणि मग काय होतं ते टीव्हीवर दिसतं.

वळण विसरण्याचे प्राथमिक व्यायाम

ज्यांना केवळ पाहायचं आहे त्यांनी हा भाग गाळू नये. ज्यांच्या घरी मुलगी आहे आणि ती क्लासला जाते म्हणते, त्यांनी तर मुळीच नाही. कुमितेचे नियम आणि चांगल्या घरातल्या मुलीचं वळण ही दोन नियमपुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर असं दिसतं की एकाने दुसऱ्याला विरोध करायचा म्हणूनच लिहिलेलं आहे.

पहिला व्यायाम आवाजाचा. वार करताना पोटातून ओरडायचं असतं. त्या ओरडण्यामुळे वारात जोर येतो आणि पंचांचंही लक्ष वेधतं. संध्याकाळी दिवेलागणीला मुलीने गॅलरीत उभं राहून हा आवाज पाच वेळा काढावा. समोरच्या इमारतीतून विचारणा झाल्यास "जपानी आहे" असं उत्तर द्यावं. माणसं समाधानाने खिडकी लावून घेतात.

दुसरा नजरेचा. समोरचीच्या डोळ्यांत पाहायचं, पायांकडे नाही. खाली मान घालून चालायची सवय असलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात जी पहिली लाथ बसते ती इथेच.

तिसरा मागे सरण्याचा, म्हणजे न सरण्याचा. सतत मागे जाणं, लढणं टाळणं, घट्ट मिठी मारून वेळ काढणं, या सगळ्याला ताकीद आहे. शेवटचे १५ सेकंद उरल्याची घोषणा होते, तेव्हा आघाडी सांभाळायला पळ काढला तर पहिल्या गुणाने मिळालेला फायदाही काढून घेतात. "तूच समजून घे, तू मोठी आहेस" या तत्त्वावर वाढलेली मुलगी अशा क्षणी सवयीने बाजूला होते. तिचा दोष नाही. घरी ज्याबद्दल शाबासकी मिळाली त्याचा इथे दंड बसतो, आणि पंच कुठल्याही घरातले नसतात.

चौथा पुढाकाराचा. वर सांगितलंच की बरोबरीत पहिला गुण घेणारी जिंकते. पहिल्यांदा हात कोणी उचलला हा आपल्या घरांत भांडण मिटवताना विचारायचा प्रश्न असतो, आणि उत्तर मिळालं की त्याला रट्टा. इथे उत्तर मिळालं की तिला पदक.

पाचवा सर्वांत अवघड, आणि तो आयांसाठी आहे. उघड्या पंजाने चेहऱ्यावर वार करायला सक्त मनाई आहे. थोबाडीत चालत नाही. ठोसा चालतो, लाथ चालते, चापट नाही. प्रतिस्पर्धीला उद्देशून बोलणं, डिवचणं हेही बंद. ओरडायला परवानगी, बोलायला नाही. आपल्याकडे घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या घोटून तयार झालेली टोमण्याची विद्या, जिच्यात आपण कुठल्याही आशियाई देशाला सहज हरवू, तिचा या स्पर्धेत काहीही उपयोग नाही. याची खंत वाटते, पण नियम नियम आहे.

हे नियम करणाऱ्यांनाही बायकांची सवय व्हायला वेळ लागला, हे नोंदवून ठेवतो. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९७० ला सुरू झाली. बायकांना समोरासमोर लढायला जागतिक स्पर्धेत १९८२ उजाडलं, तैपेईला. त्यानंतरही बरीच वर्षं पुरुषांची लढत तीन मिनिटांची आणि बायकांची दोन मिनिटांची असे. उरलेल्या एका मिनिटात बायकांनी काय करावं अशी अपेक्षा होती ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. टोकियोत दोघांनाही तीन मिळाली.

वजनाबद्दल

मुलीचं वजन विचारू नये, असं म्हणतात. इथे तेच आधी विचारतात. जकार्ता आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धांत बायकांचे पाच गट होते : ५० किलोंपर्यंत, ५५ पर्यंत, ६१ पर्यंत, ६८ पर्यंत आणि त्यापुढे. टोकियो ऑलिंपिकला जागा कमी म्हणून पाचांचे तीन केले. जपानची मिहो मियाहारा ५० किलोंत २०१८ ची जगज्जेती. आपल्याच देशातल्या ऑलिंपिकला तिला ५५ च्या गटात उतरावं लागलं. तिथे सुवर्ण बल्गेरियाच्या इव्हेत गोरानोव्हाने नेलं. ६१ च्या गटात सर्बियाच्या योव्हाना प्रेकोविचने. आणि त्यावरच्या गटात, जिथे ६२ किलोंची आणि ८० किलोंची एकमेकींसमोर येऊ शकत होती, तिथे इजिप्तच्या फेरयाल अब्देलअझीझने. इजिप्तच्या बाईचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. तारीख तीच, ७ ऑगस्ट २०२१. आपण ती लढत का पाहिली नाही, याचा अपराधभाव नको : त्या दिवशी अख्खा देश नीरज चोप्राच्या भाल्याकडे डोळे लावून बसला होता.

वजनाच्या दिवसांत गणपती असतील तर खेळाडूच्या घरच्यांनी एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवावा आणि तिला फक्त दाखवावा.

प्रत्यक्ष खेळायचं असल्यास

ओव्यातून आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जायचा रस्ता आता बराच सोपा झाला आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. आंतरराष्ट्रीय विमानतळ तर तालुक्यातच आला, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटनही झालं. तेव्हा विमानापर्यंतची सोय झाली. आता विमानात कोणी बसवायचं एवढाच प्रश्न राहतो.

त्यासाठी संघटना लागते. नवशिक्याने गोंधळून जाऊ नये : भारतात कराटेची संघटना शोधणं कठीण नाही, एकच संघटना शोधणं कठीण आहे. गल्लीतल्या क्लासच्या फलकावर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरं, पदकाच्या मागे तिसरं, असं दिसलं तर तो छपाईचा दोष समजू नका. २०२० च्या जूनमध्ये जागतिक कराटे महासंघाने कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता तात्पुरती काढून घेतली, कारण आतली भांडणं. भांडणाऱ्यांनी एकमेकांना किती गुण दिले कळलं नाही, पण मर्यादेबाहेर जोर लावल्याची शिक्षा मॅटवरच्या मुलींना झाली. टोकियोला कराटेत भारताचं कोणी नव्हतं. पुढे पॅरिसने कराटे वगळलं आणि लॉस एंजेलिसच्या यादीतही ते नाही. तेव्हा ऑलिंपिकचं स्वप्न पाहणाऱ्या पालकांनी ते सध्या गुंडाळून ठेवावं आणि आशियाई स्पर्धेचं पाहावं. तिथे कराटे १९९४ च्या हिरोशिमापासून टिकून आहे. वर्गात नाव घालण्याआधी संघटनेची संलग्नता विचारा. गुरुजींना राग आला तर येऊ द्या. ते तुमच्या मुलीला हेच शिकवणार आहेत, की समोरच्याच्या डोळ्यांत पाहून विचारायचं.

फी परवडत नसेल तर शाळेत चौकशी करा. सहावीपासूनच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं. त्याने आशियाई पदक मिळत नाही. गॅलरीतला आवाज मात्र नीट निघू लागतो.

पाहुणे विचारतील ते प्रश्न

"हे मूळ आपलंच ना?" हा प्रश्न गणपतीत बसलेल्या काकांपैकी एक तरी विचारणारच. दक्षिणेतून चीनला गेलेल्या बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना व्यायाम शिकवले, तिथून सगळं पसरलं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाच आहे. कराटे वाढलं ओकिनावात, आणि १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशींनी ते टोकियोला नेऊन दाखवलं. काकांशी वाद घालू नका. मूळ आपलं असेल तर पदक का नाही, एवढंच विचारून चहा पुढे करा.

"सारख्या उड्या का मारतात?" अंतर कमी-जास्त करायला, आणि कधी निघणार हे समोरचीला कळू नये म्हणून.

"एवढं शिकून रस्त्यावर कोणी छेडलं तर उपयोग होतो का?" होतो. फक्त तिथे स्पर्शाची मर्यादा पाळायची गरज नाही.

शेवटची, आणि सर्वांत महत्त्वाची सूचना

तुमची आवडती खेळाडू पहिल्याच फेरीत हरली तर टीव्ही बंद करू नका. आशियाई स्पर्धेत कांस्यपदकं दोन असतात आणि ती परतफेरीतून मिळतात. जी मुलगी अंतिम फेरीत पोहोचली, तिच्याकडून वाटेत हरलेल्या सगळ्यांना पुन्हा लढायची संधी मिळते. ती वाटेतच हरली तर तिच्याकडून हरलेल्यांचाही बोऱ्या वाजला. याचा अर्थ असा की आपल्या पोरीला जिने आत्ता धूळ चारली, जिला तुम्ही सोफ्यावरून नाही नाही ते बोललात, तिनेच आता जिंकत जावं यासाठी अख्ख्या घराने देव पाण्यात घालून बसायचं आहे. ज्यांच्या हातात तिच्या रंगाची ओढणी नाही त्यांनी ती लगेच बदलून घ्यावी. आजीला कारण सांगत बसू नका, पुढची लढत सुरू होईल.